होनोकाचा रंधा

जपानमधल्या ताकायामा गावातल्या शनिवारच्या सुतारकामाच्या वर्गाला फोटोपुरती येणारी हौशी मंडळी म्हाताऱ्या निशिगाकी मिस्त्रींच्या डोक्यात जायची.

"हे हात आहेत की लोण्याचे गोळे?" बँकेतल्या होनोकाला त्यांनी आपले घट्टे पडलेले तळवे दाखवले. "आणि रंधा ढकलतेस काय, बाई! आपला जपानी रंधा स्वतःकडे ओढायचा असतो."

होनोकाने ओढला. हातभर फळीवरून कागदाहून पातळ छिलका निघाला. फळी संपली, तिचे हात थांबले, पण छिलका येतच राहिला, पार मिस्त्रींच्या पायांपर्यंत.

"नाटकं पुरे!" म्हणत त्यांनी तो खेचून तोडला. छिलका कोमट होता. त्यावर लाकडाच्या नव्हे, तळहाताच्या रेषा होत्या.

मिस्त्रींनी मूठ उघडली. तळवा कोरा, गुळगुळीत होता.

"अजून ओढू, मिस्त्री?" होनोकाने अदबीने विचारलं.