आईच्या हातांसाठी मेण

"मेणबत्त्या वितळवणार होतास? हात मऊ करायचेत की भाजायचेत?" तिनं भावाच्या हातातला पुडा हिसकावून ओट्यावर आपटला.

"मग तू आण. पार्लरमधल्या बायकांचे करतेस, स्वतःच्या आईचे करायला काय होतंय?"

आईनं तीस वर्षं लाँड्रीत कपडे धुतले होते. अंगठ्यांच्या रेघा साबणानं खाऊन टाकल्या होत्या. घराच्या कागदासाठी ती दोनदा एकटीच ऑफिसात जाऊन आली, पण मशीननं अंगठा घेतला नाही. आता सोमवार ही शेवटची तारीख; तोवर मेणानं हात मऊ करून रेघा वर आणायच्या होत्या.

"कागद झाला की घर माझ्या नावावर," भाऊ म्हणाला. "मग तू आणि तुझी पोर दुसरी खोली बघा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई, खरंय हे?"

आई नातीचे केस विंचरत होती. "आधी कागद होऊ दे. मग बोलू."

म्हणजे खरंच होतं.

दुकानदारानं जांभळं, वासाचं मेण पुढे केलं. "हेच सगळ्या नेतात, ताई."

"सगळ्यांच्या हातांना भेगा नसतात. बिनवासाचं, बिनरंगाचं द्या. लवकर वितळणारं."

त्यानं तीन वड्या ठेवल्या. तिनं प्रत्येकीत नख रुतवून पाहिलं आणि सगळ्यात मऊ होती ती घेतली. राग आईवर होता, तरी कातडीला चटका बसलेला तिला चालणार नव्हता.

भांड्यात भांडं ठेवून तिनं मेण वितळवलं. आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून पाहिला, मग आईचा हात बुडवला. एक थर, दुसरा, पाचवा. वरून प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर टॉवेल. निघालेल्या मेणाच्या पंजात पोरीनं आपली बोटं घातली आणि म्हणाली, "मी आजी!"

आई हसली. लेकीला मात्र हसू आलं नाही. पोरीला घेऊन जायचं कुठे?

तिसऱ्या दिवशी आईची बोटं हाताला मऊ लागली. दिव्याखाली अंगठा धरला तर पुसट रेघा वर येत होत्या. म्हणजे सोमवारी मशीन अंगठा घेणार, आणि घर भावाचं होणार.

चौथ्या दिवशी तिनं पार्लरमधून टाचांचं मलम आणलं, जाड कातडी सोलून काढणारं. मेणाआधी तिनं ते दहाही बोटांना चोळलं. हात मऊच होणार होते. इतके मऊ, की एकही रेघ उरणार नाही.

"झोंबतंय गं जरा."

"मऊ होताना झोंबणारच."

"तुला बरं जमतं हे," आई म्हणाली. "हात हलका आहे तुझा."

तिनं मान वर केली नाही. रविवारपर्यंत मलम चोळत राहिली.

सोमवारी कारकुनानं आईचा उजवा अंगठा काचेवर ठेवला. मग डावा. मग एकेक बोट. प्रत्येक वेळी लाल दिवा.

"आजी, रेघाच नाहीत हो. लहान बाळासारखी कातडी झालीये."

"पुन्हा बघा," आई म्हणाली. "आठवडाभर मेण लावलंय."

भाऊ बहिणीवर खेकसला, "काय करून ठेवलंस? घालवलंस ना माझं घर?"

"मला काय विचारतोस? मशीनला विचार." किती तरी दिवसांनी तिला मोकळा श्वास आला.

आई बोट कपड्याला घासून पुन्हा पुन्हा काचेवर ठेवत होती. शेवटी कारकुनानंच तिचा हात हळूच बाजूला केला.

"राहू द्या, आजी. अंगठ्याशिवाय नवा कागद होत नाही, आणि मुदत आज संपली. आता तुमच्या यजमानांनी केलेला जुना कागदच कायम. तुमच्यामागे घर मुलाला."

"मग नव्यात कुणाचं नाव होतं?" भावानं विचारलं.

कारकुनानं नवा कागद पुढे ओढला आणि लाल पेनानं त्यावरचं नाव खोडलं. ते बहिणीचं होतं.