जिन्यावरचं इंग्रजी

दत्तात्रयनं खालच्या मजल्यावरची घंटा दाबली आणि बोलायचं वाक्य मनातल्या मनात पुन्हा जुळवून पाहिलं. जर्मनमध्ये भांडायचं म्हणजे क्रियापद शेवटी येईपर्यंत राग टिकवून धरावा लागतो. आज मात्र त्याची चिंता नव्हती. राग कालपासून चांगला मुरला होता.

मालिनीला हॅनोव्हरला येऊन आठ महिने झाले होते. तो सकाळी इन्स्टिट्यूटला गेला की ती वरच्या खोलीत दिवसभर एकटी. जर्मन येत नव्हतं, इंग्रजी मॅट्रिकपुरतं. तेव्हा खालच्या फ्राऊ ओल्टमान तिच्या मदतीला आल्या. या बाई तरुणपणी इंग्लंडात कामाला होत्या. दोघी जिन्यात बसून बटाटे सोलायच्या आणि इंग्रजी बोलायच्या. बायको घरबसल्या शिकतेय म्हणून दत्तात्रयला कौतुक होतं. काल ते कौतुक त्याच्या चांगलंच अंगाशी आलं.

काल त्याच्या प्रोफेसरांच्या घरी चहा होता. इंग्लंडहून एक वयस्कर प्राध्यापक पाहुणे आले होते. सगळे एकेक करून त्यांच्याशी हात मिळवत होते, हळू आवाजात 'हाऊ डू यू डू' म्हणत होते. मालिनीची पाळी आली. तिनं नीट हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हॉट हो, ओल्ड बीन!"

पाहुण्यांच्या हातातली कपबशी वाजली. निघताना तर तिनं दारातून हात हलवून "टुडल पिप!" केलं, आणि अख्खी खोली हसली. पाहुण्यांनी डोळे पुसत सांगितलं, की आमच्याकडची उमराव मंडळी पूर्वी आपापसांत अशी बोलायची, मी हे ऐकून तीस वर्षं झाली. माणूस वाईट नव्हता. पण आपण सगळ्यांना आवडलो असं वाटून मालिनीही त्यांच्याबरोबर हसली. दत्तात्रयच्या काळजात रुतलं ते तिचं हसणं.

परत येताना ट्राममध्ये त्यानं तिला सगळं सांगितलं. "ते शब्द पुन्हा तोंडातून काढू नकोस. कुणासमोरही नाही." ती खिडकीबाहेर बघत नुसतं "बरं" म्हणाली. 

दार उघडलं. उंच, किडकिडीत फ्राऊ ओल्टमान एप्रन बांधून उभ्या होत्या. त्यानं तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं,

"मालिनी आजारी आहे का? सकाळी दूध आणायला गेली ती मान खाली घालून. परत आली तीही तशीच. मी इथेच उभी होते."

"तिला काही झालेलं नाही," दत्तात्रय म्हणाला. "मी त्याबद्दलच बोलायला आलोय. तुम्ही तिला हे कसलं इंग्रजी शिकवलंत? ते उमरावांचे शब्द आहेत, आपापसांतले, 'काय रे गड्या' म्हणावं तसे. परक्या माणसाला, वडीलधाऱ्याला असं कुणी म्हणत नाही. काल सगळे तिला हसले. तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," फ्राऊ ओल्टमान म्हणाल्या.

त्याचा पारा आणखी चढला. "माहीत असून?"

बाईंनी कोरडे हात एप्रनला पुसले.

"म्हणजे... शिकवायचं असं मी ठरवलं नव्हतं. तिनं एकदा विचारलं, इंग्लंडात निरोप घेताना काय म्हणतात? जे तोंडात आलं ते मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाहेर पडताना ती जिन्यात थांबली, मागे वळली आणि मला तसं म्हणाली. मग मी रोज त्या वेळेला दारात येऊन उभी राहायला लागले. चुकलंच माझं. तिला खरं काय ते सांगायला हवं होतं."

"काय खरं?"

"की इंग्लंडात एका उमरावाच्या बंगल्यात मी पाहुण्यांचे कोट सांभाळायला होते. अकरा वर्षं. ते येता-जाता माझ्या हातात टोप्या द्यायचे, आणि माझ्या डोक्यावरून एकमेकांना हे म्हणायचे. शब्द सगळे पाठ झाले. पण मला कधी कुणी म्हटलं नाही."

दत्तात्रयला स्वतःची लाज वाटली. काहीतरी पुटपुटत तो मागे फिरला आणि जिना चढून वर आला. मालिनी दारातच उभी होती. तिचे डोळे लाल होते.

"अहो, फार बोललात का त्यांना?"

"तू आधी खाली जा," तो म्हणाला. "सकाळी त्यांच्याशी न बोलताच गेलीस ना? वाट बघत होत्या. नेहमी म्हणतेस तसं म्हणून ये."

मालिनी जागची हलली नाही. "पण ते शब्द कुणासमोरही काढायचे नाहीत म्हणालात ना? उमरावांचे आहेत म्हणून?"

"खालच्या बाईंसमोर काढ," दत्तात्रय म्हणाला. "त्यांचेच आहेत ते."