गाळलेलं वाक्य

‘दाराला कडी घालू नकोस, लोरे. बाबा येतील.’

आईचा हा आवाज लोरे हाइडकाम्प यांनी लहानपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत ऐकला, आणि पुढे जन्मभर त्याच दाराबद्दल लिहिलं. बाबा पूर्व आघाडीवरच्या बर्फात बेपत्ता झाले होते. आता लोरेबाईंचं शेवटचं पुस्तक मराठीत येत होतं. जर्मनीतल्या आखन शहरात, त्यांच्या घरी, दुपारच्या सौम्य उन्हात, अनुवादक देवश्री त्यांना आपला अनुवाद वाचून दाखवत होती.

लोरेबाईंना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण कुठल्याही भाषेतला अनुवाद कानाने तपासल्याशिवाय त्या छापू देत नसत. अनुवादकाने वाचायचं, त्या मूळ पुस्तक मांडीवर घेऊन ओळीवरून बोट सरकवत जायच्या. वाक्य संपलं की आवाज उतरतो. तेवढं त्यांना पुरे.

“बाई डोळ्यांनी अधू आहेत का गं?” सरलाताईंनी हळूच विचारलं. त्या देवश्रीच्या सासूबाई. पुण्याहून थोडे महिने राहायला आलेल्या. घरी एकट्यांना कसं ठेवायचं, म्हणून सोबत आणलेल्या.

“नाही हो आई. त्यांची पद्धत आहे ती.”

“बरी आहे पद्धत. आणि या केकमध्ये अंडं आहे का, विचार.”

“आहे.”

“न विचारताच?”

“इथे असतंच हो.”

“मग नुसती कॉफी घेते.”

सरलाताईंच्या कपाळावर कुंकू होतं, हातात हिरव्या बांगड्या. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचे यजमान बेपत्ता झाले, देह सापडला नाही, आणि कागदावर बेपत्ताच राहिले. गेले, असं घरात कुणी म्हटलं नाही. तेव्हा पोटात असलेला मोहन, देवश्रीचा नवरा, आता पन्नाशी ओलांडलेला. अजूनही तो सीमेपलीकडून सुटून आलेल्या कैद्यांचे फोटो मोठे करकरून बघायचा. एखाद्या म्हाताऱ्याची हनुवटी आपल्यासारखी आहे का, ते शोधायचा.

देवश्री वाचत होती. बर्फ, उघडं दार, जास्तीचं ताट, खिडकीत बसलेली मुलगी.

“जात्यावरच्या ओवीसारखं लिहिलंय गं,” सरलाताई पुटपुटल्या. “सगळं येणाऱ्याच्या वाटेकडे तोंड करून.”

पान उलटलं. देवश्रीचा आवाज किंचित अडखळला, मग घाईने पुढे गेला.

लोरेबाईंचं बोट पुढे सरकलं नाही.

“काहीतरी राहिलं,” त्या जर्मनमध्ये म्हणाल्या.

“दोन वाक्यं जोडून घेतली मी.”

“जोडली असती तर आवाज लांबला असता. तुम्ही उडी मारलीत.”

देवश्रीने सासूबाईंकडे चोरून पाहिलं. “पुस्तकात आहे ते, फ्राउ हाइडकाम्प, छापूनही येईल. फक्त आज या समोर बसल्यात. यांचेही यजमान लढाईवरून परत आले नाहीत. आमच्या घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही.”

लोरेबाईंनी सरलाताईंकडे पाहिलं.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “आमच्याही घरात कुणी बोलत नव्हतं. आजवरची सगळी पुस्तकं मी ते टाळत लिहिली. आता मरणाच्या तोंडावर एकदाचं लिहिलंय. मला पुन्हा गप्प बसवू नका.”

“काय म्हणतात त्या?” सरलाताईंनी विचारलं. “माझ्याबद्दल चाललंय ना?”

“काही नाही आई. एक ओळ वाचायची राहिली.”

“मग वाच की. मी काय काचेची आहे?”

देवश्रीने मान वर न करता वाचलं. “बाबा गेले, हे आईला पहिल्या हिवाळ्यापासून माहीत होतं. तिने मला वाट बघू दिली.”

सरलाताईंनी कप बशीत ठेवला. खालून बस गेली, तिची धडधड काचेत उतरली आणि विरली.

“मुलगी रागावलीय आईवर,” त्या म्हणाल्या. “विचार त्यांना, अजून राग आहे का.”

देवश्रीने विचारलं. लोरेबाईंनी पुस्तक मिटलं.

“चौदा वर्षांची होईपर्यंत मी त्या खिडकीत बसले. बाकीच्या मुली खाली खेळायच्या. आईने एकदा म्हटलं असतं, ऊठ आता, तर मी उठले असते. रडले असते खूप. पण उठले असते.”

देवश्रीने ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. सरलाताई हातातल्या बांगड्या मागे सारत राहिल्या, पुढे आणत राहिल्या.

“किती वर्षांची होईपर्यंत म्हणाल्या?”

“चौदा.”

दाराची बेल वाजली. मोहन त्यांना न्यायला आला होता. हातात गाडीची किल्ली, चेहऱ्यावर घाई.

“झालं का वाचन? चला पटकन. खाली हाल्टेव्हरबोटची पाटी आहे, गाडी नुसती थांबवली तरी दंड लावतात.”

“बस जरा,” सरलाताई म्हणाल्या.

“अगं आई, दंड होईल.”

“होऊ दे. बस.”

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. देवश्रीकडे पाहून त्याने भुवया उंचावल्या. तिने मान खाली घातली. सरलाताईंनी त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली, टेबलावर ठेवली, आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“मोहन, तुझे बाबा लढाईच्या पहिल्याच रात्री गेले रे. त्यांच्या तुकडीतल्या जोडीदाराच्या मांडीवर. तो घरी येऊन मला सांगून गेला, तेव्हा तू पोटात होतास.”