सरांसाठी माश्या

तितराच्या पिसाचे दोनच वेढे द्यायचे. तिसरा पडला की गळावरची ही खोटी माशी जड होते आणि पाण्याखाली तिचे तंतू फुलत नाहीत. सुनेत्राला हे आता झोपेतही जमलं असतं. गळाला केशरी रेशीम गुंडाळायचं, वर पीस, मग गाठ. ट्राउट मासा म्हणे जिवंत किडा समजून तोंड मारतो. तिनं कधी पाहिला नव्हता.

"लोक माश्या मारतात, मी बांधते," ती म्हणाली.

तिचा नवरा उल्हास हसला. "उद्या डझनभर लागतील. सरांना तुझ्याच हातच्या आवडतात."

"आणि थीसिस?"

"मी काय करू, सांग? सर म्हणतात, आधी नदी, मग चॅप्टर. गाईडला कोण नाही म्हणणार?"

दर शनिवारी हेच. पहाटे उल्हास गाडी काढून सरांना घ्यायला जायचा, तो संध्याकाळी परत यायचा. गाल उन्हानं लाल आणि ओठांवर गाणं. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून बिचारा हसतमुख राहतो, असं सुनेत्राला वाटायचं. सरांना ती मनातल्या मनात शिव्या घालायची आणि पुन्हा पीस हातात घ्यायची. करते काय?

पेनसिल्व्हेनियातल्या या युनिव्हर्सिटीच्या गावात ती ब्याऐंशी साली उल्हासकडे आली, तेव्हा त्याची पीएचडी संपत आली होती. वर्षाचाच तर प्रश्न, असं म्हणून दोन वर्षांच्या रुपालीला सांगलीला आजीकडे ठेवलं. आता पंच्याऐंशी उजाडलं होतं. सुनेत्राच्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती, गाडी तिला येत नव्हती. दोन खोल्या, एक खिडकी, आणि टेबलावर पिसं. परवा फोनवर रुपालीनं आजीला विचारलं, "या कोण काकू बोलतायत?" त्या दिवशी सुनेत्रा जेवली नाही.

सोमवारी तिनं मनाचा हिय्या केला. उत्तमातल्या उत्तम वीस माश्या डबीत भरल्या, ठेवणीतली साडी नेसली, आणि उल्हास वर्गावर शिकवायला गेल्याचं पाहून चालत सरांचं ऑफिस गाठलं.

सर म्हातारे आणि मवाळ निघाले. तिनं राक्षसच कल्पला होता. त्यांनी उठून स्वतः खुर्ची पुढे केली. तिनं डबी टेबलावर ठेवली आणि रात्रंदिवस घोकलेलं इंग्रजी एका दमात बोलून टाकलं.

"सर, हव्या तितक्या माश्या मी तुम्हाला जन्मभर बांधून देईन. पण आता उल्हासला सोडा. मला माझी मुलगी हवी आहे."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, एक माशी चिमटीत धरून उजेडात फिरवली.

"फार सुंदर बांधता तुम्ही," ते म्हणाले. "पण मी आयुष्यात कधी मासे पकडायला गेलेलो नाही."

सरांनी डबी अलगद तिच्याकडे सरकवली. "उल्हासनं मला सगळं सांगितलंय. मुलीच्या आठवणीनं तुम्ही पार खचलात, दर शनिवारी नदीवर नेलं नाही तर अन्नाला शिवत नाही. म्हणूनच तर तीन वर्षं मी त्याच्याकडे थीसिस मागितला नाही."