अर्धा थकवा

पसरणी घाट चढून अच्युत सायकलवरून उतरला, तेव्हा टपरीवाल्या यशोदामावशींनी नेहमीप्रमाणे पाण्याचा तांब्या पुढे केला.

“आज धाप नाही लागली, दादा? यंदाची घाटाची शर्यत तुमचीच बघा.”

अच्युतने मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. अंतरपाट दूर झाल्यावर त्याने आणि मुग्धाने एकमेकांना हे पट्टे बांधले होते. तेव्हापासून एकाचा थकवा दोघांत सारखा वाटला जायचा. घटस्फोटानंतर पट्टा काढायचा असतो. त्याने काढला नाही, आणि तिनेही नाही. रोज सरावाला घाट चढताना आपला अर्धा शीण तिकडे नाशिकला तिच्या पायांत उतरतोय, एवढीच काय ती सोबत त्याला उरली होती.

आज मात्र त्याच्या वाट्याला अर्ध्याहूनही कमी आला होता. थकवा आता तिघांत वाटला जात होता. मुग्धाने आणखी कुणाला तरी पट्टा बांधला होता.

“मावशी, पुन्हा एकदा चढून येतो,” तो म्हणाला.

त्याने पट्टा सोडून खिशात टाकला आणि खाली पायथ्याशी जाऊन चढायला सुरुवात केली. पहिल्याच वळणावर त्याला धाप लागली. सगळी त्याची एकट्याची.