आडवी परांची

चहाचा पहिला घोट तोंडात होता आणि रोहिदास मास्तरांची नजर भिंतीवर गेली. घोट पुढे जाईना, मागे येईना.

पुनावळ्यातल्या त्या खोलीत भिंतीवर दोन फोटो होते. एक हार घातलेला, भरघोस मिशांच्या माणसाचा. त्याला खेटून मास्तरांच्या वर्गातल्या समाधानचा. डोक्यावर पिवळं हेल्मेट, दोन्ही हातांत पाइप, परांचीच्या पार शेंड्यावर. हा दुसरा फोटो मास्तरांनीच काढला होता. वर्ग संपला म्हणून समाधान त्यांना चहाला घेऊन आला होता.

"हे याचे वडील," समाधानची आई, कस्तुराबाई, हाराकडे बघत म्हणाली. "तळेगावला शेडच्या कामावर हुते. परांचीवरनंच गेले."

मास्तरांनी कप बशीत ठेवायचा तो मांडीवर ठेवला. चटका बसला तरी कळलं नाही.

आता चाकणच्या बाजूला मास्तरांच्या वर्गाची ख्याती अशी, की परांची बांधायला शिकताना तिथे आजवर एकही पोरगा पडला नाही. पडणार कसा? परांची जमिनीवर आडवी पसरलेली. पोरं तिच्यावर लोळून क्लॅम्प आवळायची. दुपारच्या वर्गाला निम्मी परांची घोरत असे. शेवटच्या दिवशी खाली निळी ताडपत्री अंथरायची, मास्तरांनी शेजारच्या पत्र्यावर चढून वरून फोटो काढायचा आणि तो फिरवून उभा करायचा. की झालं, पोरगं थेट आभाळात! समाधानच्या फोटोत तेवढी शेजारणीची कोंबडी मध्ये आली होती. ती आभाळातून दाणे टिपत निघाली होती.

मास्तर मुळात लबाड नव्हते. ऐन उमेदीत त्यांनी कारखान्यांच्या अशा चिमण्यांना परांच्या बांधल्या होत्या, की म्हणे वरून आळंदीचा कळस दिसे आणि खालून मास्तर दिसत नसत. पण तसं शिकवायचं तर महिने जातात, चांगले बेल्ट लागतात, फी वाढते. फी वाढली की पोरं पलीकडच्या गल्लीत जातात, तिथे तर नुसतं मोबाइलवर दाखवतात. म्हणून मास्तरांची फी उतरली. फी उतरली तशी परांचीही उतरली. उतरत उतरत जमिनीला टेकली.

त्या संध्याकाळी मास्तरांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

"काय झालं?" बायकोने, शालनबाईने विचारलं. "कुणाचं पोर पडलं का काय?"

"अजून नाही," मास्तर म्हणाले आणि ताटावरून उठले.

सकाळी त्यांनी परांची उभी केली. इतकी वर्षं आडवं राहून तिचीही उभं राहायची सवय मोडली होती. उभी राहताना ती म्हाताऱ्यासारखी कण्हली. मग त्यांनी समाधानला एकट्याला बोलावलं. फी नाही, फोटो नाही, घरी बोलायचं नाही.

"आधी बेल्टचा हूक, मग पाय," त्यांनी खालून ओरडून सांगितलं. "उलटं केलंस तर दगड मारीन."

"लागला तर पडेन की, मास्तर!"

"हूक लावला असशील तर नाही पडणार!"

अख्खा उन्हाळा, मग पावसाळाही असा गेला. बापाचा हात पोरात उतरलेला होताच. दिवाळी जवळ आली तोवर समाधान फळ्यांवरून खारीसारखा पळू लागला. तो जसजसा वर जाई, तसतसं मास्तरांच्या छातीवरचं ओझं खाली येई. भाकरीही पुन्हा अख्खी जाऊ लागली.

मग मास्तर स्वतः त्याला एका कारखान्यावर घेऊन गेले. तिथे नवी चिमणी उभी राहत होती. कुलदीप नावाच्या मुकादमाने दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमच्या वर्गातला ना? घेतो की. खाली पाइप उचलून देईल. तुमच्या पोरांना आम्ही स्टुलावरसुद्धा चढू देत नाही, राव!"

भोवतीची माणसं फिदीफिदी हसली. मास्तरांचे कान तापले.

"हा उभ्यातला आहे, भावा. एकदा वर सोडून तर बघ."

मुकादमाने गंमत म्हणून सोडला. समाधान हूक लावत, पाय टाकत असा वर गेला, की मुकादमाच्या तोंडातली सुपारी चावायची राहून गेली. "उद्यापासून शेंड्यावर," तो एवढंच म्हणाला.

मास्तर चौकातून पेढे घेऊन तडक पुनावळ्याला गेले. कस्तुराबाई तांदूळ निवडत बसली होती.

"तोंड गोड करा, बाई! पोराला चिमणीवर घेतलं. पार शेंड्यावर!"

तिचा हात सुपातच थांबला. "वर?"

"एकदम वर. आता सांगायला हरकत नाही. तो भिंतीवरचा फोटो खोटा होता. परांची आडवी होती. मला झोप लागत नव्हती बघा. म्हणून त्याला पहिल्यापासून शिकवलं, खरंखुरं."

"फोटोचं ठाऊक हाय, मास्तर. कोंबडी कुठं आभाळात चरती व्हय?"

मास्तर हसले. ती हसली नाही. पेढ्यालाही तिने हात लावला नाही. हार घातलेल्या फोटोकडे बघतच ती बोलली.

"बापाचंच काम शिकीन म्हणून हटून बसला हुता. न्हाई म्हणले असते तर घर सोडून गेला असता. म्हणून मी मुकादमांकडं हिंडले. म्हणलं, असा कुठला वर्ग हाय का, जिथल्या पोराला कुणीच वर चढू देत न्हाई?"

तिने सूप बाजूला सारलं.

"सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं."