चौसष्टशेच्या पुढे

“दिवा बहात्तरशेवर ठेवलास ना, डॅडी?” हेल्मेटचा पट्टा आवळत कीलीनं विचारलं.

“ठेवला,” व्हर्लिन म्हणाला आणि त्यानं गाडीचं दार बाहेरून लावून घेतलं.

ठेवला नव्हता. डॅशबोर्डखाली वाकून त्यानं गिअर बदलायची खूण देणाऱ्या दिव्याच्या बटणाला नुसतं बोट लावलं होतं. आकडा होता तिथंच होता. चौसष्टशे.

वाद सकाळपासून चालला होता. इंजिन व्हर्लिननं स्वतःच्या हातानं बांधलेलं. मिनिटाला चौसष्टशे फेऱ्यांवर त्याची ताकद सगळ्यात जास्त, तिथून पुढे उतरती कळा. मग पुढे ताणायचं कशाला? तिथंच गिअर बदलून मोकळं व्हायचं, हा त्याचा आयुष्यभराचा शिरस्ता. कीलीला ते पटत नव्हतं. “वरचा गिअर टाकला की फेऱ्या धाडकन खाली येतात, डॅडी. खाली पडलेल्या इंजिनापेक्षा वर जरा दमलेलं इंजिन बरं. पहिला गिअर आणखी थोडा ताणला, तर दुसरा ऐन जोमात सापडतो.”

“आणि ताणता ताणता फुटलं तर?”

“तू बांधलंयस. फुटेल कसं?”

यावर व्हर्लिननं बॉनेट लावून टाकलं होतं. कुंपणापाशी काठी टेकून त्याचा जुना मित्र ओटिस उभा होता, त्याच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. ओटिसचं इंजिनही व्हर्लिननंच बांधलं होतं. दोन उन्हाळ्यांमागे शर्यतीच्या याच सरळ पट्टीवर ते फुटलं, तेल त्याच्याच चाकांखाली सांडलं आणि गाडी भिंतीवर गेली. ओटिस त्याबद्दल एका शब्दानं कधी बोलला नाही. तेच व्हर्लिनला सलायचं.

कीली सुरुवातीच्या रेषेकडे निघाली. शेवटची शर्यत. शेजारी टेनेसीहून आलेली लाल गाडी. दोन्ही गाड्यांनी चाकं जागच्या जागी फिरवून तापवली, तसा पांढरा धूर प्रेक्षकांच्या अंगावर आला.

पळत्या गाडीत फेऱ्यांच्या काट्याकडे बघायला सवड नसते. दिवा पेटला की हात आपसूक गिअरवर जातो. कीली दिव्याचं ऐकणार होती, आणि दिवा व्हर्लिनचं. ती हरली तरी चालेल, धड परत येईल, असं त्यानं स्वतःला बजावलं. मग वाटलं, धावत जावं, काच ठोठावावी. तो दोन पावलं गेलाही. झेंडेवाल्यानं हात करून त्याला मागे हटवलं.

“पोरगी गाडी चालवतेय आणि घाम तुला फुटलाय,” ओटिस म्हणाला.

हिरवा दिवा लागला. दोन्ही गाड्या उसळल्या. व्हर्लिननं डोळे मिटले. त्याला बघायची गरज नव्हती. इंजिनाचा सूर चढत चढत त्याच्या ओळखीच्या जागी आला आणि तुटला. दुसरा गिअर. पुन्हा चढला, पुन्हा तिथंच तुटला. तिनं दिव्यावर विश्वास ठेवला होता. शेजारची लाल गाडी मात्र ओरडत, ताणत पुढे गेली आणि अर्ध्या गाडीनं जिंकली.

कीली परत आली. इंजिन बंद करून तिनं हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते.

“सॉरी, डॅडी. माझंच गणित चुकलं. काही फरकच पडला नाही. होती तशीच पळाली.” ती हसायचा प्रयत्न करत होती. “तूच बरोबर होतास.”

हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायला एरवी त्याला फार आवडलं असतं.

“उतरू नकोस,” तो म्हणाला.

“का? संपलं की आता.”

“ज्यांना हवंय त्यांना अंधार पडेपर्यंत पट्टी मोकळी आहे.” तो वाकला, डॅशबोर्डखालचा दिव्याचा डबा त्यानं तिला दिसेल असा बाहेर ओढला आणि बटण दाबायला लागला. पासष्ट. सहासष्ट. सदुसष्ट. कीली आकडे चढताना बघत राहिली. बहात्तरवर तो थांबला.

कीलीनं त्या आकड्यावर बोट ठेवलं.

“मी तुला विचारलं होतं, डॅडी.”

“हो.”

“तू ‘ठेवला’ म्हणालास.”

“हो.” त्याला ओटिसचं नाव घ्यायचं होतं. नाही घेतलं. “मला भीती वाटली.”

“मग तसं म्हणायचं.” तिनं हेल्मेट चढवलं. “आधी बाजूला हो.”

या वेळी शेजारचा पट्टा रिकामाच होता. प्रेक्षक उठून आपापल्या गाड्यांकडे चालले होते. व्हर्लिन कुंपणाच्या जाळीला धरून उभा राहिला. गाडी सुटली. सूर चढला, त्याच्या ओळखीच्या जागेपर्यंत आला, आणि तिथून पुढे गेला. असा आवाज त्यानं या इंजिनाचा कधी ऐकला नव्हता. आता फुटेल, आता फुटेल असं वाटतंय तोवर दुसरा गिअर पडला, आणि गाडीला कुणी मागून लाथ घातल्यासारखी ती पुढे झेपावली.

पट्टीच्या टोकाला बोर्डावर वेळेचे आकडे उमटले. ओटिसनं लांब शीळ घातली. “व्हर्लिन, अरे बघ तरी!”

व्हर्लिननं बोर्डाकडे पाहिलं नाही. टेकडीमागून गाड्या परत यायच्या, त्या रस्त्याकडे तो कान लावून उभा होता. किती तरी वेळ तिकडून काहीच आलं नाही. मग इंजिनाची संथ गुरगुर ऐकू आली, तेव्हा कुठं त्याची बोटं जाळीवरून सुटली. तळहातावर तारेची चौकट तांबडी उमटली होती. तो ती अंगठ्यानं चोळत राहिला.